दाद मागण्याची जागा

खर्डी हे मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरचे गाव. आसनगाव मागे पडले, आटगाव आणि तानशेत गेले की खर्डी येते. पुढे उंबरमाळी आणि मग कसारा, म्हणजे घाटाचा पायथा. या परिसरातल्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या माणसांचा एक व्हॉट्सॲप गट गेली काही वर्षे चालू आहे. शिक्षक, दोन-तीन निवृत्त कारकून, कल्याण-ठाण्याला रोज जाऊन-येऊन नोकरी करणारी तरुण मुले असा त्यातला भरणा. गटाचे चालक आम्ही तिघे. मागच्या पावसाळ्यात आमच्यापैकी एकाने एका तरुण सभासदाला रात्री साडेअकराच्या सुमारास गटातून काढून टाकले. एका ज्येष्ठ सभासदाच्या कवितेवर त्याने लिहिलेला अभिप्राय उद्धट होता, असे काढणाऱ्याचे मत. अभिप्राय उद्धट होता हे मलाही मान्य होते. चुकीचा होता की नाही, याचा विचार त्या रात्री आमच्यापैकी कोणीच केला नाही.

चार दिवसांनी तो मुलगा मला फलाटावर भेटला. ‘सर, मला काढलंत ते ठीक, पण का काढलंत ते कोणाला विचारायचं?’ एवढेच तो म्हणाला. मी त्याला जे उत्तर दिले ते आपल्या समाजात अशा प्रसंगी शतकानुशतके दिले गेलेले उत्तर आहे, हे मला नंतर कळले. मी म्हणालो, ‘तू माफी माग, आम्ही परत घेतो.’ त्यावर त्याने विचारले, ‘कशाबद्दल?’ तेवढ्यात गाडी आली.

हा लेख त्या ‘कशाबद्दल?’विषयी आहे. गटातून काढलेल्या माणसाला दाद मागता यावी म्हणून काही व्यवस्था करावी, असे आम्ही ठरवले, तेव्हा साहजिकच प्रश्न आला की असे काही आपल्याकडे पूर्वी होते का. होते, आणि पुष्कळ तपशिलाने होते. मराठी माणसाला माणसे वाळीत टाकण्याचा जेवढा अनुभव आहे, तेवढाच वाळीत टाकलेल्याला परत घेण्याचाही आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी या दुसऱ्या बाजूकडे जरा दुर्लक्ष केले आहे, असे मला वाटते.

आरंभ शब्दांपासून करू. ‘दाद’ हा फारसीतून आलेला शब्द. त्याचा मूळ अर्थ न्याय. दाद मागायची ती न्यायासाठी. मराठीत पुढे त्याला दुसरा अर्थ चिकटला आणि मैफिलीत गवयाला दाद मिळू लागली. दोन्हींत समान असे काही आहे: समोरच्याने ऐकून घेतले आहे, याची खूण. ‘राजीनामा’ या शब्दाचा प्रवास तर याहून मजेशीर. आज राजीनामा म्हणजे पद सोडल्याचा कागद. मराठेशाहीतल्या निवाड्याच्या कागदांत राजीनामा म्हणजे, ‘ही सभा जो निर्णय देईल तो मला मान्य आहे’ असे वादी-प्रतिवाद्यांनी सुरुवातीलाच लिहून दिलेले संमतिपत्र. तेव्हा राजीनामा देऊन माणूस सभेपुढे येत असे. आता राजीनामा देऊन तो निघून जातो.

या निवाड्यांची पद्धत वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपल्या ग्रंथात (१९५३) महजरांच्या आधारे सविस्तर मांडली आहे. गोतसभेत पाटील, कुलकर्णी, मिरासदार, बलुतेदार बसत. दोन्ही बाजूंच्या तकरिरी, म्हणजे जबान्या, लिहून घेतल्या जात, जामीन घेतले जात, साक्षी होत, पुराव्याने भागले नाही तर दिव्य. शेवटी महजर, आणि त्यावर सर्वांच्या निशाण्या. कुणब्याने नांगर काढायचा, इतरांनी आपापल्या धंद्याचे हत्यार. जिंकणाऱ्याने हरकी भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी. म्हणजे जिंकणाराही फुकटात सुटत नसे. आणि एक तरतूद अशी होती की ती वाचताना मी थबकलो. आपल्या गावची सभा पक्षपाती आहे असे एखाद्याला वाटले, तर त्याला परस्थळ मागता येत असे. म्हणजे वाद दुसऱ्या ठिकाणच्या, दोघांशीही संबंध नसलेल्या लोकांपुढे चालवावा, अशी मागणी करता येत असे. गावकीच्या सभेत आपले कोण आणि परके कोण हे सगळ्यांना ठाऊक असते, याची ही स्पष्ट कबुली होती.

आता हे झाले वतनाच्या, हद्दीच्या, मानपानाच्या वादांविषयी. जातीबाहेर टाकलेल्या माणसाचे काय? त्याच्या परतीच्या वाटेवर, अठराव्या शतकातल्या कागदांवरून दिसते त्याप्रमाणे, तीन दारे होती. जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनी पेशवेकालीन राज्य आणि जात यांच्या संबंधांवर १९६० च्या दशकात जो अभ्यास केला, त्यात हे चित्र नीट उभे राहते. पहिले दार सरकारचे: परत घेण्यास हुजुरातून परवानगी. दुसरे ब्राह्मणांचे: शास्त्राप्रमाणे प्रायश्चित्त. तिसरे दार जातीचे, आणि खरे महत्त्व याचेच. जातीने त्याच्याबरोबर पंक्तीला बसून जेवायचे. पहिली दोन दारे उघडली आणि तिसरे उघडले नाही, तर माणूस कागदावर शुद्ध आणि व्यवहारात वाळीत राही. नेताजी पालकर मुसलमान करून उत्तरेत नेला गेला आणि १६७६ मध्ये परत स्वधर्मात घेतला गेला, ही घटना शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण तेथे पहिल्या दाराशी खुद्द छत्रपती उभे होते. सामान्य माणसाच्या बाबतीत तिन्ही दारे एकाच वेळी उघडणे किती कठीण होते, याची कल्पना करता येईल.

या तिन्ही दारांवर एक गोष्ट समान होती. ‘मी हे केलेलेच नाही’ असे म्हणण्याची जागा फार अरुंद होती. प्रायश्चित्ताचा स्वभावच असा की ते दोष गृहीत धरून सुरू होते. शास्त्र विचारते, दोष केवढा आणि त्यावर उतारा कोणता. दोष घडला का, आणि घडलेली गोष्ट दोष ठरते का, हे दोन प्रश्न त्याच्या आधीचे आहेत आणि ते वाटेतच कोठेतरी गळून पडतात. क्षमेची व्यवस्था आपल्याकडे उत्तम होती. दाद मागण्याची व्यवस्था वतनाच्या वादाला होती. बहिष्कृताला ती क्वचितच मिळे.

मराठी वाङ्मयाच्या उगमाशी उभी असलेली एक कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. विठ्ठलपंत संन्यास सोडून गृहस्थाश्रमात परतले म्हणून आळंदीच्या ब्रह्मवृंदाने कुटुंबाला बहिष्कृत केले. त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले गेले आणि त्यांनी पत्नीसह देहत्याग केला. मागे राहिलेल्या चार मुलांना सांगण्यात आले, पैठणच्या ब्राह्मणांकडून शुद्धिपत्र आणा, मग पाहू. परंपरेने हा प्रसंग शके १२०९ चा, म्हणजे १२८७ चा मानला आहे. नामदेवांच्या नावावरील चरित्रपर अभंगांत आणि पुढे महिपतीच्या ‘भक्तविजया’त तो येतो. इतिहास म्हणून त्याचा तपशील किती टिकेल हा स्वतंत्र विषय आहे. रेड्यामुखी वेद वदविल्याचा चमत्कार तर सोडूनच द्या. मला महत्त्वाची वाटते ती कथेची रचना. यात खालचे न्यायपीठ आहे (आळंदी) आणि वरचे आहे (पैठण). अर्जदार ज्या दोषाबद्दल आले आहेत, तो त्यांनी केलेलाच नाही. तो त्यांना जन्माबरोबर मिळालेला आहे. आणि परंपरेच्या कथनात पैठणकरांचे उत्तर असे की संन्याशाच्या मुलांना शास्त्रात प्रायश्चित्तच नाही. म्हणजे क्षमेच्या व्यवस्थेने आपली सर्व पुस्तके उघडून पाहिली आणि तिला या मुलांसाठी खिडकी सापडली नाही. दोष नाही, असे म्हणण्याचा पर्याय मात्र कोणाला सुचला नाही. चमत्कार घडावा लागला तो या जागी. कथाकारांनी रेडा आणला, कारण कार्यपद्धतीत माणसासाठी वाट उरली नव्हती. निदान मी ती कथा आता अशी वाचतो.

चोखामेळ्याच्या बाबतीत एवढेही झाले नाही. विठ्ठलाला विटाळ केल्याच्या आरोपावरून त्याला चंद्रभागेच्या पलीकडे घालवले, अशी कथा महिपती सांगतो. ज्ञानेश्वरादी भावंडांना शुद्धिपत्र मागता आले, कारण मुळात एक पंक्ती त्यांची होती. चोखोबाने कोणत्या पंक्तीत परत घ्या म्हणावे? बहिष्कृताच्या परतीची ही सारी व्यवस्था आत असलेल्यांसाठी होती. जे पहिल्यापासून बाहेर ठेवलेले, त्यांना कोठलीच दाद नव्हती, आणि २ मार्च १९३० ला नाशकात काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला तेव्हा त्यात अर्जाची भाषा नव्हती, हक्काची होती. हा धागा मी येथे लांबवत नाही. पण तो सोडून देऊन जुन्या न्यायपद्धतीचे कौतुक करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

इंग्रजी अंमल आला आणि तीन दारांपैकी पहिले बंद झाले. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनने दिवाणी न्यायालयांना जातीच्या प्रश्नांत हात घालण्यास मनाई केली. बेकायदा कृत्याने जातीला वा अब्रूला धक्का लागल्यास नुकसानभरपाईचा दावा तेवढा ऐकला जाई. १८५० च्या कायद्याने जात गेल्यामुळे वारसाहक्क जाणार नाही, अशी तरतूद झाली. मालमत्ता सुरक्षित झाली, पंक्ती नाही. १८४३ मध्ये मुंबईत श्रीपत शेषाद्री परळीकर हा अल्पवयीन मुलगा मिशनऱ्यांच्या घरी राहिला; न्यायालयाने त्याला बापाच्या स्वाधीन केले. पण न्यायालय मुलाला घरी पाठवू शकत होते, पानावर बसवू शकत नव्हते. त्याला जातीत परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी जी खटपट केली, तिच्यामुळे त्यांना स्वतःलाच केवढा विरोध सोसावा लागला, हे त्यांच्या चरित्राच्या वाचकांना माहीत आहे.

या पार्श्वभूमीवर पुण्याचे पंचहौद मिशनचे चहा-प्रकरण पाहावे. ते आपल्याकडे बहुधा विनोद म्हणून सांगितले जाते. एका पेल्याने मोठमोठी माणसे बाटली, वगैरे. मला ते बहिष्कारावर दाद मागण्याच्या आधुनिक इतिहासातले पहिले मोठे प्रकरण वाटते.

ऑक्टोबर १८९० मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांच्या पुढाकाराने पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. आनंदीबाईंना जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हाती धरला, कोणी तोही धरला नाही. पाहुण्यांत महादेव गोविंद रानडे होते आणि बाळ गंगाधर टिळकही होते. गोपाळरावांनी पुढे उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली. हे त्यांनी का केले, यावर बरेच लिहिले गेले आहे. विक्षिप्तपणा, सूड, सुधारकांचे आणि सनातन्यांचे दोघांचेही पितळ उघडे पाडण्याची हौस, काहीही असो. यादी छापली गेली, एवढे खरे. आणि छापील यादीत पिणारा, धरणारा आणि नुसता बसलेला यांत फरक नव्हता.

सनातनी मंडळींनी शंकराचार्यांकडे तक्रार नेली. सरकारचे दार बंद झालेले असल्याने वरिष्ठ पीठ तेवढेच उरले होते. आचार्यांनी चौकशीसाठी शास्त्र्यांचे मंडळ नेमले आणि पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. ‘ग्रामण्य’ हा शब्द आता अभ्यासकांपुरताच उरला आहे. जातीच्या आचारावरून उठणाऱ्या अशा वादाचे आणि बहिष्काराचे ते नाव. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१९ मध्ये ‘ग्रामण्यांचा साद्यंत इतिहास’ लिहिला, तो असल्या भांडणांचाच.

काळही पाहा. १८९१ च्या आरंभी संमतिवयाच्या विधेयकावरून पुणे दुभंगले होते. टिळक विरोधात, रानडे बाजूने. आणि त्याच सुमारास चहाच्या यादीत मात्र दोघे एका ओळीत. एरवी टिळकांच्या बाजूने उभी राहणारी मंडळीच आता त्यांना जाब विचारत होती.

टिळकांनी आपण काशीस सर्वप्रायश्चित्त घेतल्याचे पुढे केले. त्यांच्या चरित्रकारांना यात चातुर्य दिसले, विरोधकांना पळवाट. मला यात जुन्या परस्थळाची छाया दिसते. पुण्याचे पीठ आपल्याविषयी निःपक्षपाती नाही, असे ज्याला वाटते, त्याने त्याहून थोर मानल्या गेलेल्या क्षेत्राचा उतारा आणून ठेवायचा. म्हणजे पुण्याला तो नाकारणे अवघड. टिळकांनी पीठाचा अधिकार झुगारला नाही. शास्त्राच्या चौकटीत राहून त्यांनी शास्त्र्यांशी वाद घातला. एका वकिलाला शोभेल असेच हे वर्तन होते, आणि टिळक कायदा शिकलेले होतेच.

रानड्यांचे वर्तन वेगळे. न्यायाधीश म्हणून ज्यांचे आयुष्य गेले, त्या माणसाने येथे न्याय मागितला नाही. १८९२ मध्ये त्यांनी इतर काहींबरोबर प्रायश्चित्त घेतले. सुधारक मंडळींना तो धक्का होता आणि त्यांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) मध्ये या प्रसंगाला जागा दिली आहे, ती मुळातून वाचावी. स्नेह्यासोबत्यांची अडचण हे त्यामागचे कारण होते. ज्यांच्या घरी लग्नमुंजी, श्राद्धपक्ष खोळंबले होते, त्यांना एकटे पाडून स्वतः ताठ राहणे रानड्यांना जमले नाही. सुधारकांचा राग मला समजतो. पण बहिष्कार नेमका कोठे दाबतो, हे रानड्यांनी त्यांच्यापेक्षा अचूक ओळखले होते.

तो दाबतो शेजाऱ्यावर. धर्मशास्त्राने महापातके पाच सांगितली. त्यांतले पाचवे म्हणजे पहिली चार करणाऱ्यांशी संसर्ग. ही कल्पना काढून घेतली तर बहिष्कार लंगडा होतो. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तेव्हा मुरुडच्या गावकऱ्यांनी जो ठराव केला त्याची धार कर्व्यांपेक्षा त्यांच्या घरच्यांवर होती: जे कुटुंब त्यांना घरात घेईल, तेही बहिष्कृत. दोषी माणूस पुण्यात नोकरी करीत होता. शिक्षा कोकणात म्हाताऱ्या आईला आणि भावाला. दंड भरून, तुरुंग भोगून माणूस मोकळा होऊ शकतो; पण शिक्षा दुसऱ्याच कोणाच्या अंगावर पडत असेल, तर तो लवकर शरण येतो. त्या शरणागतीला मग सभा ‘दोषाची कबुली’ म्हणून दप्तरी नोंदवते. रानड्यांच्या प्रायश्चित्ताने ते चहा प्याले होते की नाही, आणि पिणे हा दोष होता की नाही, याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच की त्यांना मित्र होते.

चहा-प्रकरणात आणखी एक गोष्ट राहूनच गेली. यादी करणाऱ्याला कोणी यादीबद्दल जाब विचारावा, अशी जागा त्या साऱ्या व्यवस्थेत नव्हती. सभेपुढे उभे राहायचे ते नाव आलेल्याने.

विसाव्या शतकात पहिले दार पुन्हा उघडले, पण वेगळ्या बाजूने. १९४९ मध्ये मुंबई राज्याने जातिबहिष्कार बेकायदा ठरवणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ च्या आरंभी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने तो रद्द केला; धार्मिक कारणासाठी बहिष्कृत करणे हा त्या पंथाच्या स्वतःच्या कारभाराचा भाग ठरला. सरन्यायाधीश सिन्हा यांचे एकट्याचे मत विरुद्ध होते. हा प्रश्न अजून मिटलेला नाही. २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला.

त्याच १९६२ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने दुसरा एक निकाल दिला. तो इतका गाजला नाही. माझ्या विषयाच्या मात्र तो अधिक जवळचा. बेळगावच्या लॉज व्हिक्टोरिया या फ्रीमेसन मंडळाने एका सभासदाला काढून टाकले. मंडळाच्या वरच्या पायऱ्यांवर दाद न मिळाल्याने तो न्यायालयात गेला. येथे जात नव्हती, सोवळेओवळे नव्हते. आपखुशीने जमलेल्या माणसांचा तो गट होता. न्यायालयाने म्हटले की सभासद गटाच्या नियमांनी बांधलेला आहे, आणि अशा मंडळाकडून कोर्टाइतक्या काटेकोर कार्यपद्धतीची अपेक्षा नाही. पण नियम पाळले गेले पाहिजेत, आरोप सांगितले गेले पाहिजेत, माणसाला आपली बाजू मांडायची खरी संधी मिळाली पाहिजे. काढायचे की नाही हे गटाने ठरवावे. कसे काढले ते न्यायालय पाहील. सभासद खटला हरला. तत्त्व मात्र उरले.

महाराष्ट्राने पुढे २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तो जुलै २०१७ पासून अमलात आला. बहिष्कार टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. देशात असा कायदा करणारे महाराष्ट्र पहिले राज्य, याचा आपण अभिमान बाळगतो. त्याची गरज येथे पडली, याचीही आठवण त्याबरोबर ठेवायला हरकत नाही. कवितेच्या गटातून एखाद्याला काढणे हा अर्थात या कायद्याचा विषय नाही, आणि नसावाही.

हे सारे मी आमच्या गटाच्या चालकांपुढे मांडले, तेव्हा आमच्यातले एक ज्येष्ठ म्हणाले, ‘अहो, हा कवितांचा गट आहे, हायकोर्ट नव्हे. त्याला नको असेल तर त्याने दुसरा गट काढावा.’ आक्षेप रास्त आहे. जुन्या बहिष्कृताला दुसरी विहीर नव्हती, दुसरा न्हावी नव्हता, मुलीला दुसरे स्थळ नव्हते. आज दुसरा गट काढायला दोन मिनिटे लागतात. दोन्हींची तुलना मर्यादेतच करावी, हे मला मान्य आहे. पण खर्डीसारख्या ठिकाणी ‘अमक्याने तमक्याला काढून टाकले’ ही ओळ पडद्यावर उमटते तेव्हा ती दीडशे माणसे एकाच वेळी वाचतात, आणि सकाळी त्यांतली निम्मी त्याच फलाटावर असतात. त्या मुलाच्या दोन मित्रांनी नंतर आठवडाभर गटात एक अक्षर लिहिले नाही. आपल्यालाही काढतील, असे त्यांना वाटत होते. संसर्ग इतका जुना आहे.

शेवटी आम्ही काही नियम केले. काढणाऱ्याने चोवीस तासांत कारण लिहून कळवायचे. ‘वर्तन योग्य नव्हते’ असे नाही, कोणते वाक्य आणि त्यात काय खटकले ते. दाद आली तर ती ऐकताना काढणाऱ्याने बसायचे नाही. आम्ही तिघेच चालक, आणि तिघेही एकमेकांचे शेजारी. म्हणून मुरबाडकडच्या एका वाचक स्नेह्याला विनंती केली, त्यांचा आमच्या गटाशी संबंध नाही. परस्थळ हा शब्द मी त्यांना सांगितला तेव्हा त्यांना मौज वाटली. माफी ही परतीची अट असणार नाही. द्यायची असेल तर ती माणूस परत आल्यावर स्वतःहून देईल. यावर सर्वांत जास्त वाद झाला. ‘माफीही नाही मागायची, तर परत घ्यायचे कशाच्या आधारावर?’ असे दोघांचे म्हणणे होते. मी पंचहौदचा दाखला दिला. तो त्यांना पटला की ते कंटाळले, हे मला सांगता येणार नाही. काढणाऱ्याकडून चूक झाली असेल तर ती त्याच गटात, तेवढ्याच लोकांपुढे सांगायची, हा नियम मात्र तीनपैकी दोन मतांनी पडला.

नियम तयार झाल्यावर मी त्या मुलाला कळवले की आता तुला दाद मागता येईल. त्याने उत्तर पाठवले की त्याला गटात परत यायचे नाही. त्याने खरोखरच दुसरा गट काढला होता. कारण तेवढे कळवा, म्हणाला.

आम्ही ते लिहायला बसलो. त्याचा मूळ अभिप्राय पुन्हा वाचला. त्यात त्या कवितेतल्या एका प्रतिमेबद्दल एक आक्षेप होता, आणि तो, आम्हा तिघांनाही मान्य करावे लागले, बरोबर होता. उद्धट होते ते शेवटचे अर्धे वाक्य. कारण दोन ओळींचे झाले. ते लिहायला आम्हाला चार दिवस लागले.